दाते

मी दात बनवते. दुसऱ्यांचे.
सेंतेशला, बाजारचौकामागे, दुसऱ्या मजल्यावर
मेण, प्लास्टर, एक छोटी भट्टी
आणि रंगांची पट्टी. पांढऱ्यात किती पांढरे असतात
मला तोंडपाठ आहे.

म्हणून वडिलांची पॅनोनिया कुणी न्यायची असं निघालं
तेव्हा भाऊ, लोरांत, म्हणाला,
घे तूच. हिच्या तोंडात काही उरलेलं नाही.

खरंच नव्हतं. सांगाडा, मागचं चाक,
इंजिनाचा बंद डबा,
आणि टाकीचा गडद लाल रंग, गुडघे टेकायचे तिथे
घासून पत्र्याला भिडलेला.
बाकीचं त्यांनीच विकलं, एकेक करून,
आणि वहीत मांडून ठेवलं
गावासकट, नावासकट,
जणू विकलं नाही, उसनं दिलंय.

*कार्ब्युरेटर. माको. कांदेवाला बालिंत.*
बालिंत कधीच गेला. त्याच्या मुलाने तो
पाण्याच्या पंपाला जोडलेला, आणि पंप उत्तम चालायचा.
पैसे नको म्हणाला. मग मी त्याच्या बायकोच्या
दाढेचं माप घेतलं.
तीन आठवड्यांनी कार्ब्युरेटर घरी आला.
पेट्रोलने दोनदा धुतला, तरी कांद्याचा वास येतो.

*पुढचा दिवा. ओरोशहाझा. ओत्तिलिया.*
खुराड्याच्या छताला टांगलेला. थंडीत
त्याच्या उजेडात कोंबड्या अंडी घालतात.
म्हातारी नाही म्हणाली नाही,
नुसती बघत राहिली माझ्याकडे. कोंबड्याही.
मी सहा अंडी घेऊन परतले.
दिवा मग दुसरीकडून आणला.
वहीतली ती ओळ मी खोडलेली नाही.

चेपेलचा कारखाना बंद पडला तेव्हा मी पाळण्यात होते.
आता जे आहे ते रविवारच्या जुन्या बाजारात,
ताडपत्रीवर, पावसाळी चिखलात:
आटे जुळावेत तर लांबी कमी,
लांबी जुळावी तर आटे उलटे.
चणे आणि दात, दुसरं काय.
"अस्सल आहे, ताई," शपथ घेतो टोपीवाला.
मी क्रोमवर नख घासून बघते.
खोटं हसू मी रोज बनवते, दादा.

शेवटी डबा उघडला.
किकचं दातेरी चक्र आत होतं, काळ्या तेलात,
वहीत न लिहिलेलं एकमेव.
तीन दाते नाहीत. शेजारी शेजारी.

आणि मग तो आवाज आठवला.
मी अकरा वर्षांची. ते शेतावर.
किक माझ्या एका पायाला दबेना
म्हणून दोन्ही पायांनी उडी मारली,
कर्रर्र झालं,
मी गाडी पुन्हा स्टँडवर लावली,
वर चादरही ओढली, होती तशी.

वहीतली पहिली नोंद
त्याच महिन्यातली आहे. शहाऐंशीचा मे.
तेव्हा हे चक्र कुठेच मिळत नव्हतं, लोरांत सांगतो,
बाबा पार बुडापेस्टपर्यंत जाऊन आले.
मला विचारलं नाही कुणी.
त्या वर्षी माझा पुढचा दात पडला होता का,
की तो आधीच,
ते काही केल्या आठवत नाही.

काल रात्री मेणात तीन दाते कोरले.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
माझं भरतं.
सकाळी कोबाल्ट ओतला, जोडले, घासले.
टिकतील की नाही कुणास ठाऊक.
हा धातू चावायला केलेला,
लाथा खायला नव्हे.

आता चक्रांच्या मध्ये तो निळा कागद धरलाय,
पेशंटला देतात तो,
आणि किक हाताने, अगदी हळू, खाली नेतेय.
चावा. सोडा. पुन्हा चावा.

मधल्या दात्यावर निळा ठिपका.
थोडा उंच आहे अजून.
कानस कुठे ठेवली मी?